वादी: हेन्री केबल, राहणार सिडनी कोव्ह

दावा तसा किरकोळ होता. लोकवर्गणीतून घेतलेल्या सामानाचं एक गाठोडं, किंमत वीस पौंड. आत कपडे, थोडी पुस्तकं आणि नव्या मुलखात संसार मांडायला लागणाऱ्या चार चीजवस्तू. गाठोडं एका जहाजावर चढलं, मालक दुसऱ्या जहाजावर. आठ महिन्यांनी दोन्ही जहाजं पोचली. पुस्तकं तेवढी हाती आली, बाकीचा माल गायब. मालकाने कप्तानावर दावा लावला. बंदर असलेल्या कुठल्याही गावच्या दिवाणी कोर्टात असले दावे ढिगाने सापडतील, आणि निकाल लागल्यावर ते वकिलांच्याही लक्षात राहत नाहीत.

हा राहिला. जुलै १७८८ मध्ये सिडनी कोव्हच्या किनाऱ्यावर चाललेला हा ऑस्ट्रेलियातला पहिला दिवाणी दावा. वादी नवराबायको दोघंही घरफोडीचे गुन्हेगार, दोघांनाही आधी फाशी सुनावलेली, मग ती हद्दपारीवर आलेली. इंग्लंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे अशा माणसांना कोर्टाची पायरी चढायचाच हक्क नव्हता. तरी ते चढले, आणि जिंकले. दावा आणण्याचा अधिकार म्हणजे काय हे ज्युनियर वकिलांना समजावताना मी नेहमी हेच प्रकरण सांगतो. त्यांच्या लक्षात मात्र कायद्याचा मुद्दा राहत नाही, तान्हं मूल मांडीवर घेऊन निघालेला तुरुंगाचा शिपाई राहतो. त्यात त्यांची चूक नाही.

हेन्री केबल सफक परगण्यातल्या लॅक्सफील्डचा, जन्म १७६३ चा. १७८३ साली नॉरफोकमधल्या एका घरफोडीत तो, त्याचे वडील आणि अब्राहम कारमन नावाचा तिसरा गडी पकडले गेले. थेटफर्डला खटला चालला, तिघांनाही फाशी झाली. हेन्रीची शिक्षा बदलून त्याला अमेरिकेला हद्दपार करायचं ठरलं. वडील आणि कारमन नॉरिचच्या किल्ल्याच्या टेकडीवर फासावर गेले. पोरगा जेमतेम विशीचा.

अमेरिकेला हद्दपार करायचं ठरलं खरं, पण अमेरिका तोवर हातची गेली होती. अठराव्या शतकात इंग्रजांनी आपले सुमारे पन्नास हजार गुन्हेगार तिकडच्या वसाहतींत पाठवले होते. स्वातंत्र्ययुद्धाने ती वाट बंद झाली, आणि न्यायाधीश मात्र सवयीने हद्दपारीचे हुकूम सोडतच राहिले. कैदी जाणार कुठे? गावोगावचे तुरुंग तुडुंब भरले. ते पुरेनात म्हणून डोलकाठ्या उतरवलेली जुनी जहाजं नद्यांत आणि बंदरांत नांगरून त्यांत माणसं कोंबायला सुरुवात झाली. हेन्री परत नॉरिचच्या किल्ल्यातल्या तुरुंगात येऊन पडला आणि तीन वर्षं पडून राहिला.

तिथे १७८४ साली सुझाना होम्स आली. सर्लिंगहॅम गावची मुलगी. तिने एका घरातून लिननचे कपडे आणि चांदीचे चमचे चोरले होते. तेवढ्यासाठी तिलाही फाशी सुनावली होती, आणि तीही हद्दपारीवर आली होती. त्या काळचे तुरुंग आजच्यासारखे बायकापुरुषांचे वेगळे कप्पे करून बांधलेले नव्हते. दोघांचं जमलं. १७८६ मध्ये तुरुंगातच मुलगा झाला, त्याचं नाव बापाचंच, हेन्री. लग्न लावून द्या म्हणून केबलने विनंती केली, ती मान्य झाली नाही.

त्याच वर्षी सरकारने हद्दपारीसाठी नवी जागा मुक्रर केली: ऑस्ट्रेलियातली बॉटनी बे. तिथला किनारा कॅप्टन कुकने १७७० मध्ये पाहिला होता, त्यानंतर एकही इंग्रज जहाज तिकडे फिरकलं नव्हतं. शरद ऋतूत नॉरिचच्या तुरुंगाला हुकूम आला की अमुक बायकांना प्लिमथच्या बंदरात 'डंकर्क' या कैद्यांच्या जहाजावर पोचतं करा. सुझाना त्यांत होती. हेन्रीचं नाव हुकुमात नव्हतं.

बायकांना घेऊन निघाला तो तुरुंगाचा शिपाई जॉन सिम्प्सन. सुझानाच्या कडेवर पाच महिन्यांचं पोर. प्लिमथला 'डंकर्क'च्या अधिकाऱ्याने बाईला घेतलं आणि पोराला नाकारलं, कारण कागदावर त्याचं नाव नव्हतं. हे वाचताना मला आपल्याकडची कितीतरी कार्यालयं डोळ्यांपुढे येतात. बाई ओरडत राहिली, जीव देईन म्हणाली, पण कागद तो कागद. सिम्प्सनच्या हातात आता एक तान्हं मूल उरलं.

त्याने ते परत नॉरिचला नेलं असतं तर कोणी बोल लावला नसता. त्याने लंडनची गाडी धरली. पोराला मांडीवर घेऊन, वाटेतल्या खाणावळींत दूध मागून पाजत तो लंडनला पोचला आणि गृहखात्याचे मंत्री लॉर्ड सिडनी यांच्या दारात जाऊन उभा राहिला. कारकुनांनी हाकललं, तरी हटला नाही. लॉर्डसाहेब जिना उतरताना दिसले तसा पुढे झाला आणि सगळी हकिकत सांगून टाकली. ज्या माणसाच्या नावाने पुढे एक महानगर उभं राहणार होतं, त्याने तिथल्या तिथे शब्द दिला: मूल आईला मिळेल. सिम्प्सनने लगेच पुढचं मागणं पुढे केलं. बाप अजून नॉरिचलाच आहे, त्यालाही पाठवा. तेही मान्य झालं. शिपाई उलट्या पावली नॉरिचला गेला, बापाला घेतलं, आणि बापलेकांना प्लिमथला सुझानापाशी पोचवून आला.

ही हकिकत वर्तमानपत्रांत छापून आली आणि लोक हळहळले. लेडी कॅडोगन यांच्या पुढाकाराने वर्गणी गोळा झाली, ती वीस पौंड. त्यातून या कुटुंबासाठी कपडे आणि सामान घेण्यात आलं, त्याचं गाठोडं बांधलं, आणि ते 'अलेक्झांडर' या जहाजावर ठेवण्यात आलं. कप्तान डंकन सिंक्लेअर.

केबल कुटुंब मात्र 'फ्रेंडशिप' जहाजावर होतं. १३ मे १७८७ ला पोर्ट्समथहून अकरा जहाजांचा तांडा निघाला. टेनेरिफ, रिओ दि जानेरो, केपटाऊन असे मुक्काम करत तो पुढे सरकला. केपटाऊनला नव्या वसाहतीसाठी मेंढ्या विकत घेतल्या गेल्या, त्यांना जागा हवी म्हणून 'फ्रेंडशिप'वरच्या बायकांना 'शार्लट' या जहाजावर हलवलं. 'फ्रेंडशिप'वरच्या राल्फ क्लार्क नावाच्या लेफ्टनंटने डायरीत समाधान व्यक्त केलं आहे की बायकांपेक्षा मेंढ्यांची सोबत बरी. ज्या बाईचं मूल मंत्र्यापर्यंत जाऊन परत आणलं, तिची आणि मेंढीची अदलाबदल एका दुपारीत होऊ शकत होती. तिची पत नेमकी किती होती ते पुढच्या दाव्याच्या वेळी ध्यानात ठेवायला हवं.

२६ जानेवारी १७८८ ला तांडा त्याच किनाऱ्यावरच्या सिडनी कोव्हला लागला. १० फेब्रुवारीला पाद्री रिचर्ड जॉन्सन यांनी कैद्यांमधल्या काही जोडप्यांची लग्नं लावली, त्यांत हेन्री आणि सुझाना होते. त्याच दिवशी लग्न झालेलं दुसरं एक जोडपं म्हणजे विल्यम आणि मेरी ब्रायंट. तीन वर्षांनी ते दोघं पोरंबाळं आणि काही साथीदार घेऊन गव्हर्नरच्याच होडीतून पळाले आणि तिमोरपर्यंत पोचले. ती कथा वेगळी आणि जास्त गाजलेली. केबल पळाला नाही. मला तोच जास्त कुतूहलाचा माणूस वाटतो.

आता गाठोड्याची वेळ आली. नव्या वसाहतीत दुकान नव्हतं, बाजार नव्हता, विणकर नव्हता. फाटलेल्या सदऱ्याच्या जागी दुसरा सदरा मिळायचा तो सरकारी कोठारातूनच, तोही असेल तर. अन्नाचं तर विचारूच नका. शिधा मापून मिळे, आणि त्याला हात लावणाऱ्याची काय गत होते ते २७ फेब्रुवारीला सगळ्यांना दिसलं होतं. टॉमस बॅरेट या कैद्याला कोठारातलं अन्न चोरल्याबद्दल झाडाला टांगलं, वसाहत स्थापून एक महिना उलटला होता तेवढ्यात. अशा ठिकाणी धडक्या कपड्यांचं गाठोडं म्हणजे लहानसा खजिनाच.

'अलेक्झांडर'वरून केबलला मिळाली ती पुस्तकं. नवराबायकोंपैकी लिहितावाचता येणारं कोणीच नव्हतं.

इथे थोडं कायद्यात शिरणं भाग आहे. इंग्लंडात गंभीर गुन्ह्यासाठी फाशीची शिक्षा सुनावली की त्या क्षणापासून माणूस कायद्याने मेलेला समजला जाई. याला 'अटेंडर' म्हणत. त्याची मालमत्ता राजाकडे जमा होई, त्याला करार करता येत नसे, साक्ष देता येत नसे, स्वतःच्या नावाने दावा लावता येत नसे. फाशी रद्द होऊन हद्दपारी झाली तरी हा डाग लगेच पुसला जात नसे. सजा भोगून संपली किंवा रीतसर माफी मिळाली तरच. आपल्याकडे धर्मशास्त्रात याचा जवळचा भाऊ सापडतो. पतित ठरलेल्या माणसाच्या नावाने त्याच्या जिवंतपणी भाऊबंद पाण्याचा घडा उपडा करून त्याला तिलांजली देत. 'घटस्फोट' हा शब्द मूळचा तिथला, नवराबायकोच्या काडीमोडाला तो नंतर चिकटला. इंग्रजी न्यायाधीशाने फाशीची काळी टोपी डोक्यावर ठेवली की घट फुटला.

आपल्या भारतीय दंड संहितेतही १८६० पासून 'ट्रान्सपोर्टेशन' म्हणजे काळ्या पाण्याची शिक्षा होती, ती १९५५ च्या दुरुस्तीने जन्मठेप झाली. मालमत्ता जप्त करण्याचं कलम ६१ मात्र १९२१ मध्येच रद्द झालं. तेव्हा हा सगळा विचार फक्त टोप्या आणि विगवाल्यांचा होता असं समजून आपण हसायला नको.

तर केबल पतीपत्नी कायद्याने मेलेले. सुझानाला तर दुसराही अडसर, कारण लग्न झालेल्या बाईला नवऱ्यावाचून दावा लावता येत नसे. कप्तान सिंक्लेअरला एवढंच म्हणायचं होतं की वादींना दावा आणण्याचा अधिकार नाही, आणि त्याचं गलबत मोकळं.

कोर्ट कसं होतं तेही बघा. राजाच्या सनदेप्रमाणे वसाहतीच्या दिवाणी कोर्टात जज-ॲडव्होकेट आणि गव्हर्नरने नेमलेले दोन जण बसत. जज-ॲडव्होकेट डेव्हिड कॉलिन्स हा दर्यावर्दी सैन्यातला अधिकारी, वकिली शिकलेला नव्हे. दुसरे पाद्री जॉन्सन, ज्यांनी वादींचं लग्न पाच महिन्यांपूर्वी स्वतः लावलं होतं. आजच्या कोर्टात त्यांनी तेवढ्या कारणाने माघार घेतली असती, निदान घ्यायला हवी होती. तिसरे मुख्य शल्यवैद्य जॉन व्हाइट. या तिघांना वादी कोण आहेत हे माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. हजार-चौदाशे माणसांची वस्ती, तीत अर्ध्याहून जास्त कैदी, आणि केबलची कहाणी इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत गाजलेली.

आणि तरी १ जुलै १७८८ च्या त्या कागदात वादींचं वर्णन काय आहे? 'हेन्री केबल आणि त्याची बायको, या ठिकाणचे नवे रहिवासी.' 'बंदिवान' हा शब्द नाही. 'गुन्हेगार' नाही. पुढे सांगितलं आहे की या कुटुंबासाठी कित्येक दयाळू माणसांच्या खर्चाने घेतलेलं गाठोडं 'अलेक्झांडर'वर चढवलं होतं, ते मागूनही मिळालं नाही, म्हणून कप्तानाला कोर्टापुढे आणावं. कागदाखाली दोन फुल्या आहेत, कारण दोघांनाही नाव लिहिता येत नव्हतं.

मी अनेक वादपत्रं तपासली आहेत. वादीचं नाव, वय, धंदा, राहणार, या पहिल्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. या प्रकरणात सगळा निकाल तिथेच आहे. ते दोन शब्द, 'नवे रहिवासी', कोर्टापुढचा सगळ्यात मोठा आक्षेप गिळून बसले आहेत. खोटे म्हणावेत तर खोटेही नाहीत. ते नवे होते आणि तिथे राहत होते.

घाईचंही कारण होतं. 'अलेक्झांडर' परतीच्या वाटेला लागणार होतं. १४ जुलैला ते खरोखरच निघालंही. म्हणजे दाव्याचा कागद झाला तेव्हा हातात दोन आठवडे होते. तेवढ्यात निकाल लागला नसता तर प्रतिवादी पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला असता आणि वादींना तिकडे जायची मनाई. मुदतीच्या कायद्याची एवढी कडक अंमलबजावणी मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

कोर्टाने जहाजावरच्या माणसांच्या साक्षी घेतल्या. गाठोडं चढलं होतं याबद्दल वाद उरला नाही. पुस्तकं मिळाली होती, बाकीचं मिळालं नव्हतं. निकाल वादींच्या बाजूने: कप्तानाने पंधरा पौंड द्यावेत. वीसाचं गाठोडं, त्यातून मिळालेल्या पुस्तकांचे पाच वजा, असा हिशेब. वादींच्या अधिकाराचा मुद्दा निकालात कुठेच येत नाही.

या निकालाबद्दल दोन टोकाची मतं वाचायला मिळतात. एक म्हणतं, बघा, कैद्यांच्या वस्तीतही पहिल्या दिवसापासून कायद्याचं राज्य होतं, जहाजाचा कप्तान आणि घरफोड्या एकाच तराजूत तोलले गेले. दुसरं म्हणतं, हा फक्त दयेचा व्यवहार, गोंडस बाळाच्या गोष्टीने कोर्ट विरघळलं. मला दोन्ही अर्धी वाटतात. याच कॉलिन्सच्या अध्यक्षतेखालच्या फौजदारी कोर्टाने बॅरेटला टांगताना काही विरघळलेलं दिसत नाही. आणि कायद्याचं राज्य म्हणावं तर, कायदा जसा लिहिलेला होता तसा लावला असता तर केबल हरला असता. तो जिंकला तो कायद्याकडे काणाडोळा झाल्यामुळे.

माझ्या मते खरं कारण कोरडं आहे. गव्हर्नर आर्थर फिलिपने निघण्याआधीच लिहून ठेवलं होतं की स्वतंत्र भूमीत गुलामगिरी असू शकत नाही, म्हणून गुलामही नसतील. वाक्य उदात्त आहे, पण त्याच्या पोटात व्यवहार आहे. शेती करायची, घरं बांधायची, पुढे खरेदीविक्री व्हायची, तर हे सगळं करणार कोण? कैदीच. त्यांतल्या प्रत्येकाला 'तू मेलेला आहेस, तुझं काहीच तुझं नाही' असं सांगितलं तर त्याची कुदळसुद्धा कोणीही उचलून न्यावी. मेलेल्यांच्या गावात बाजार भरत नाही. म्हणून त्या तिघांनी वादींच्या नावापुढचे दोन शब्द पाहिले आणि पुढे सरकले. पुढची तीस वर्षं सिडनीची कोर्टं असंच वागत आली, कैदी दावे लावत राहिले आणि निकाल घेत राहिले.

पंधरा पौंडांचं केबलने काय करायचं, हा प्रश्न उरतोच. ज्या गावात दुकान नाही तिथे पैसा म्हणजे नुसतं वचन. पण त्याला मिळालं ते पैशापेक्षा भारी होतं. आपण मागितलं तर मिळू शकतं हे त्याला कळलं.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आईला पाठवलेल्या पत्रात, अर्थात दुसऱ्याकडून लिहवून, त्याने कळवलं की आपलं बरं चाललं आहे, अधिकारी खूश आहेत आणि कैदी बायकांवर मुकादम म्हणून आपल्याला नेमलं आहे. वसाहतीतले पोलीसही कैद्यांतूनच निवडावे लागत, दुसरं कोण होतं? केबल कॉन्स्टेबल झाला, मग मुख्य कॉन्स्टेबल. १७९० च्या दशकात पीटरशॅमच्या बाजूला त्याला जमीन मिळाली. ती कोणाकडून काढून दिली गेली याचा दावा कुठल्याच कोर्टात आला नाही. सिडनी कोव्हचे मूळ रहिवासी गडिगल. १७८९ च्या देवीच्या साथीत त्यांची माणसं किनाऱ्यावर मरून पडलेली इंग्रजांनी स्वतः नोंदवून ठेवली आहेत. 'या ठिकाणचे नवे रहिवासी' या शब्दांत जुने रहिवासी आपोआप गळतात.

१७९८ मध्ये केबलने 'रॅम्पिंग हॉर्स' नावाची खाणावळ-दारूगुत्ता काढला. तिथून सुटणारी त्याची घोडागाडी देशातली पहिली प्रवासी गाडी म्हणून सांगितली जाते. दुकानही काढलं. चौदा वर्षांपूर्वी लिनन चोरलेल्या बाईच्या घरात आता कापड विकायला होतं.

खरा पैसा आला सीलच्या कातड्यांतून. जेम्स अंडरवुड हा जहाजं बांधणारा, तोही कैदी म्हणून आलेला. त्याच्याशी केबलने भागीदारी केली. बास सामुद्रधुनीतल्या बेटांवर फर असलेले सील लाखांनी होते. यांनी माणसांच्या टोळ्या तिथे उतरवायच्या, महिनोन् महिने ठेवायच्या, मारलेल्या सीलची कातडी सोलून, मीठ लावून सिडनीला आणायची आणि तिथून चीन किंवा लंडनला पाठवायची. सिडनीच्या धक्क्यावर त्यांनी 'किंग जॉर्ज'सारखी जहाजं बांधली. १८०५ मध्ये सिमियन लॉर्ड हा तिसरा माजी कैदी भागीदार झाला. तिघांची पेढी वसाहतीतल्या मोठ्या पेढ्यांत गणली जाऊ लागली. सतरा वर्षांपूर्वी जहाजाच्या कप्तानाकडून गाठोडं मागणारा माणूस आता कप्तान नोकरीला ठेवत होता. सील मात्र काही वर्षांतच त्या बेटांवर औषधालाही उरले नाहीत.

केबलला संत करायची गरज नाही. १८०२ मध्ये त्याला मुख्य कॉन्स्टेबलच्या जागेवरून काढून टाकलं. बंदराचे नियम मोडून एका परक्या जहाजावरची डुकरं परस्पर विकत घेतली, हा ठपका. चोर पकडायला नेमलेल्या माजी चोराने डुकरांपायी नोकरी घालवावी यात मला थोडा विनोद दिसतो, पण आपलं काम कायद्याच्या कडेकडेने काढायचं हा त्याचा स्वभावच दिसतो. १८०७ मध्ये एका जहाजावरचा माल दुसऱ्यावर चढवण्यावरून या तिघा भागीदारांचं नवे गव्हर्नर विल्यम ब्लाय यांच्याशी वाजलं. 'बाउंटी'वर ज्यांच्याविरुद्ध बंड झालं ते हेच ब्लाय. तिघांनी त्यांना पत्र पाठवलं. पत्राची भाषा अनुचित आहे म्हणून ब्लायने तिघांनाही एक महिना तुरुंग आणि प्रत्येकी शंभर पौंड दंड ठोकला. ज्याला स्वतःला नाव लिहिता येत नव्हतं, तो पत्रातल्या भाषेबद्दल आत गेला.

पुढे भागीदारी फाटली आणि माजी भागीदार एकमेकांवर दावे लावत बसले. १८११ च्या सुमारास केबलने सिडनी सोडलं आणि हॉक्सबरी नदीकाठी विंडसरला बिऱ्हाड हलवलं. तिथे दुकान आणि बिअर बनवायची भट्टी.

तिकडे लंडनमध्ये १८१९ साली किंग्ज बेंच कोर्टाने एका निकालात म्हटलं की गव्हर्नरने दिलेल्या माफीवर राजाची मोठी मुद्रा उमटलेली नसेल तर माफी मिळालेल्या कैद्यालाही दावा लावता येणार नाही. म्हणजे केबलच्या वेळी ज्याकडे काणाडोळा केला होता तोच आक्षेप एकतीस वर्षांनी पुढच्या दाराने आत आला. सिडनीत त्याचा पहिला फटका एडवर्ड ईगरला बसला. हा माजी कैदी आणि स्वतः वकील. त्याने न्यायाधीश बॅरन फील्डवरच दावा लावला होता, आणि न्यायाधीशाने बचाव हाच घेतला की हा माणूस कायद्याने दावा लावूच शकत नाही. वसाहतभर घबराट उडाली. माफीवर जगणाऱ्या हजारोंची घरं, जमिनी, येणी, सगळंच हवेत लटकलं. ईगर आणि डॉक्टर विल्यम रेडफर्न १८२१ मध्ये सह्यांचा अर्ज घेऊन लंडनला गेले. १८२३ च्या कायद्याने पार्लमेंटने अखेर गव्हर्नरच्या माफीला मोठ्या मुद्रेची किंमत दिली. सिडनी कोव्हला तीन बिनवकील माणसांनी दोन शब्दांत उरकलेलं काम लंडनला करायला पस्तीस वर्षं लागली.

सुझाना १८२५ मध्ये गेली. नॉरिचच्या तुरुंगात जन्मलेलं पोर तोवर कर्तं झालं होतं आणि त्याच्या पाठीवर भावंडांची रांग लागली होती. केबल आणखी वीस वर्षं जगला. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं १८४० मध्ये बंद झालं तेव्हा तो विंडसरमध्येच होता. पहिल्या तांड्यातून उतरला, शेवटचं जहाज आलेलंही त्याने पाहिलं, आणि मार्च १८४६ मध्ये ब्याऐंशी-त्र्याऐंशीच्या वयात अंथरुणावर मेला. या खेपेला कायद्याच्या दृष्टीनेही.